रविवारी न तुटणारं गाणं

लोक म्हणतात, ही बाई फटकळ आहे. आहे, मग? जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत बसून दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर उघडून बघा, मग बोला. येणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन येतो: "मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडलं." आपोआप! चहा आपोआप सांडतो, वायर आपोआप ओढली जाते, आणि नको तिथे बोट आपोआप दाबलं जातं. मी कुणाला सोडत नाही. तरी येतात, कारण काम चोख करते.

एका शनिवारी संध्याकाळी समोरच्या रस्त्यावरची दातांची डॉक्टर आली. हातात कॉम्प्युटर नाही, काही नाही. दारातच उभी.

"ताई, तुम्ही डाव्या बाजूने चावत नाही वाटतं," ती म्हणाली.

"माझ्या दाताचं सोडा. काय बिघडलंय ते सांगा."

"बाबांच्या कॉम्प्युटरवर गाणं मधेच तुटतं. म्हणजे, त्यांना तसं वाटतं." ती आत येऊन स्टुलावर बसली. "तुटत नाही खरं तर. मी दर रविवारी सबंध दिवस तिथे असते. गाणी चालूच असतात. एकदाही तुटलेलं नाही. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले कान ठणठणीत आहेत. मग उरलं काय? डोकंच ना?"

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात, हिच्याकडे यायला तयार नाहीत, आणि आता हे. म्हणून तिने गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. पहिल्या तारखेला जायचं.

"मग यात माझं काय काम?"

"तुम्ही फक्त या. इकडेतिकडे काहीतरी करा आणि 'झालं दुरुस्त' म्हणा. जाण्याआधी त्यांच्या मनाला तेवढंच समाधान."

"मी दुरुस्ती करते. नाटकं करायला दुसरं कुणी बघा."

हे मी जरा जोरातच बोलले. तर तिचे डोळे भरून आले. आता डॉक्टर रडायला लागली तर माणसाने करायचं काय? आपण त्यांच्यासमोर रडायचं, अशी रीत. मी म्हटलं, "बरं बरं, येते उद्या."

रविवारी गेले. दुसरा मजला, दोन खोल्या, खिडकीशी एक मोठं टेबल. भिंतीलगत पुठ्ठ्याच्या पेट्या उघड्या पडलेल्या, अर्ध्याअधिक भरलेल्या: तबकड्या, कॅसेटी, जुने हेडफोन. काका खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. आयुष्यभर रेडिओ केंद्रात कामाला होते. बोलणारे नव्हेत. काचेच्या अलीकडे बसून आवाज सांभाळणारे.

कॉम्प्युटर बरा होता. वायरी तर अशा नीट बांधलेल्या की मला आधी कौतुकच वाटलं. स्पीकर, कॅमेरा, कीबोर्ड, सगळं चार तोंडांच्या एका डबीत खोचलेलं आणि ती डबी टेबलाच्या खाली चिकटवलेली. लेकीचं काम. दाताला तार बसवणाऱ्या हाताला असा पसारा बघवणार थोडाच! पडद्याच्या कपाळावर छोटा कॅमेरा होता, व्हिडिओ कॉलसाठी तिनेच आणून दिलेला. त्याच्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. तो मला दिसला, पण हल्ली सगळेच लावतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तासभर गाणी लावली. लेक स्वयंपाकघरातून ये-जा करत होती, चहा झाला, गप्पा झाल्या. गाणं एकदाही तुटलं नाही. मी उगाच धूळ पुसली, दोन बटणं दाबली आणि मान वर न करता म्हटलं, "झालं काका. दुरुस्त."

काकांनी माझ्याकडे बघितलं. लेक आत गेल्याची खात्री करून हळू आवाजात म्हणाले, "असं म्हणायला तिने सांगितलं ना?"

माझ्या फटकळ तोंडाला त्या क्षणी कुलूप लागलं. ऐन वेळेला बरं लागतं.

"रागावलो नाही मी," ते म्हणाले. "ती काळजीपोटी करते. पण रविवारी हे यंत्रही शहाण्यासारखं वागतं हो. तुम्ही मधल्या वारी या. माझ्याजवळ बसा. तुम्हालाही ऐकू आलं नाही, तर मी गुपचूप पेट्या बांधतो आणि जातो. माझा स्वतःवरचा विश्वास उडत चाललाय, बाई. आयुष्यात मला एकच गोष्ट धड येत होती, ऐकणं."

परत येताना जिन्यात मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. काम न करता 'झालं' म्हणाले होते. दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा.

मंगळवारी सकाळी मी दुकानाला कुलूप लावलं आणि थेट त्यांच्याकडे गेले. लेकीला सांगितलं नाही. सांगायचं काय कारण? दुकान माझं, मंगळवार माझा.

काकांनी गाणं लावलं. एक बाई संथ लयीत गात होती, मागे सतार. आम्ही दोघं नुसते बसून होतो. मला वाटलं, झालं, हाही रविवारच निघतो की काय. आणि मधेच, खट्. सूर गेला. पापणी लवावी एवढी शांतता, मग गाणं पुन्हा चालू, आणि लगेच आणखी एकदा खट्. त्याच क्षणी काकांचा उजवा हात वर उचलला गेला आणि हवेत डावीकडे काहीतरी धरायला धावला.

"ऐकलं!" मी ओरडलेच. "काका, तुटलं! दोनदा तुटलं! मी ऐकलं!"

 काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "पाणी आणतो तुम्हाला." आणि आत जाऊन बराच वेळ आलेच नाहीत. नळाचा आवाज येत होता.

आले तेव्हा मी विचारलं, "हात का उचलता पण?"

"खोड आहे. आमच्याकडे शांतता म्हणजे गुन्हा. गाणं बंद पडलं की डाव्या हाताला दुसरं यंत्र तयार ठेवलेलं असायचं, त्याचा खटका ओढायचा. शांतता जरा लांबली की लगेच वरून साहेबांचा फोन. डोकं विचार करायच्या आत हात जायचा. अजून जातो."

मग मी पदर खोचला. आता हा बिघाड आणि मी. आधी गाण्याचीच फाइल खराब असेल म्हणून दुसरी लावली. तुटली. डिस्क तपासली, धडधाकट. इंटरनेटवरून वाजवलं, तुटलं; इंटरनेट बंद केलं, तर छान चाललं! मी म्हटलं, "सापडला चोर. वायफाय." काका हसले. पण एवढ्यावर 'झालं' म्हणायची माझी छाती होईना, एकदा पोळलेलं होतं. इंटरनेट चालू करून त्याचा ड्रायव्हर बदलला, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम. पुन्हा तुटलं. मग आवाजाचा साठा वाढवला, म्हणजे गाणं वाजायच्या आधी थोडं पुढचं जमवून ठेवायचं, अडलं तर तेवढ्यावर भागावं म्हणून. तरी तुटलं. वीज वाचवायला म्हणून कॉम्प्युटर अधूनमधून डुलक्या काढतो, ते बंद केलं. तुटलंच. प्रत्येक वेळी काकांचा हात हवेत, आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडून असा एकेक शब्द की काका म्हणाले, "हे मात्र रेडिओवर चालणार नाही."

विचित्र म्हणजे त्याला काही ताळतंत्र नव्हतं. पाच मिनिटांत दोनदा तुटे, मग अर्धा तास काहीच नाही.

शेवटी मी एक खिडकी उघडून ठेवली, कोणता प्रोग्राम किती राबतोय ते दाखवणारी, आणि डोळ्यांत तेल घालून बसले. गाणं चाललं होतं. खट्. आणि यादीत तळाशी पडलेलं एक नाव टुणकन उडी मारून सगळ्यात वर आलं. कॅमेऱ्याचा प्रोग्राम.

"काका, तुम्ही व्हिडिओ कॉल करता?"

"छे. ती रोज साधा फोन करते. तो कॅमेरा एकदाही वापरला नाही."

मी उठले आणि कॅमेऱ्याजवळ नाक नेऊन बघितलं. आणि कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! लोक चिकटपट्टी लावतात ती कॅमेऱ्याच्या डोळ्यावर, आपल्याला कुणी बघू नये म्हणून. इथे डोळा सताड उघडा होता. पट्टी लावली होती ती बाजूच्या बारक्या दिव्यावर. कॅमेरा चालू झाला की पेटतो, त्या.

मी नखाने पट्टी ओढून काढली. खाली लाल दिवा, पेटलेला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. लेक घाबरीघुबरी. "बाबा, तुम्ही बरे आहात ना? आणि त्या दुरुस्तीवाल्या ताई मघापासून तिथे काय करतायत? त्यांचं तोंड एवढं जवळ का दिसतंय?"

"कुठे दिसतंय?" काकांनी विचारलं.

फोनमधून काहीच आवाज आला नाही. रेडिओवर चालली नसती एवढी लांब शांतता. काकांचा हात मात्र या वेळी जागचा हलला नाही.

मग ती म्हणाली, "मी येते," आणि फोन ठेवला.

ती येईपर्यंत मी काकांना समजावलं, म्हणजे मलाही समजत गेलं तसतसं. लेक दवाखान्यातून फोनवर हा कॅमेरा उघडायची. पेशंटला इंजेक्शन द्यायचं, जबडा बधिर होईपर्यंत वेळ असतो, तेवढ्यात बाबांना बघून घेत असणार. पेशंट आले की कॅमेरा चालू, पेशंट नसले की बंद. आणि स्पीकर न् कॅमेरा दोन्ही त्या एकाच डबीत, डबीतून कॉम्प्युटरला एकच वायर. एका अरुंद दारातून एक जण कपाट आत नेतोय आणि दुसरा त्याच वेळी पलंग घुसवतोय, तर दोघंही अडणारच. चित्र जायला लागलं की गाणं अडकायचं. इंटरनेट बंद केल्यावर तिला बघताच येत नव्हतं, म्हणून तेवढा वेळ गाणं छान चाललं.

"आणि रविवारी ती इथेच असते," काका म्हणाले.

"रविवारी ती इथेच असते."

लेक आली ती पांढऱ्या कोटातच, गळ्यात मास्क लोंबत. दारातच उभी राहिली, शनिवारी माझ्या दुकानाच्या दारात राहिली होती तशी.

"चोरून बघत होतीस?" काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मला खोलीतून निघून जावंसं वाटलं. "माझ्याच घरात, माझ्यावर पहारा?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काढून टाकला असता."

"टाकलाच असता!"

"म्हणूनच नाही सांगितलं." ती पेटीशेजारी जमिनीवर बसली. "बाबा, आई पडली तेव्हा तुम्ही बाजारात होतात आणि मी दवाखान्यात. ती एकटी पडून होती त्या फरशीवर. मी तेव्हा कुणाच्या तरी दातात सिमेंट भरत होते. नंतर मला कामच सुचेना. वाटायचं, आत्ता बाबा पडले असतील. मग मी बघायचे. आवाज बंद ठेवायचे, देवाशपथ, तुमचं बोलणं कधी ऐकलं नाही. नुसतं बघायचं, खुर्चीत आहात ना. दिसलात की मग माझा हात थरथरायचा थांबायचा."

 काकांनी विचारलं, "मग गाणं तुटल्यावर मी हात उचलायचो, तेही दिसायचं?"

तिने मान हलवली आणि तिला रडू फुटलं. "तेच तर! मी फोन उघडला रे उघडला की तुमचा हात हवेत. दर वेळी. नसलेलं काहीतरी पकडायला जाताय असा. मला वाटलं, हे दिवसभर असंच करत असतात. मी मनात म्हटलं, गेलं, बाबांचं डोकं गेलं. म्हणून ती जागा... म्हणून मी आणखी जास्त बघायला लागले."

"अगं वेडे," काका म्हणाले, "तू बघायला यायचीस म्हणून हात उचलायचो ना मी!"

मी खिडकीबाहेर बघत होते. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, पण बघत होते. जास्त बघितलं की जास्त तुटायचं, जास्त तुटलं की जास्त हात, जास्त हात की जास्त काळजी. एवढी मायेची माणसं, आणि पहिल्या तारखेला एकमेकांना दुरावायला निघाली होती.

काका उठले. पहिल्या पेटीतून तबकड्यांचा गठ्ठा उचलला आणि कपाटात परत ठेवायला लागले. "त्या लोकांना कळव," लेकीकडे न बघता म्हणाले, "मी येत नाही म्हणून." तिने डोळे पुसले आणि दुसऱ्या पेटीला हात घातला.

माझं काम पाच मिनिटांचं उरलं होतं. ती नीटनेटकी डबी उपटून काढली. स्पीकर कॉम्प्युटरच्या पुढच्या तोंडात, कॅमेरा मागच्या तोंडात, वायरी मोकळ्या लोंबत्या. लेकीला ते बघवेना, पण बोलायची तिची हिंमत नव्हती. तिला बाहेर जिन्यात उभं करून फोनवर कॅमेरा उघडायला लावला. गाणं चालू. बाहेरून ती ओरडली, "दिसतंय!" गाणं सलग. दहादा केलं असेल. बाईचा सूर कुठे हलला नाही.

"झालं काका," मी म्हटलं. "खरं झालं. आता कॅमेरा ठेवायचा की काढायचा, तुम्ही बोला. मी असते तर काढून फेकला असता."

काका पडद्याकडे बघत राहिले. "गाणं आता तुटणार नाही?"

"नाही."

"मग ती बघतेय हे मला कळणार कसं?"

मी बोटाने दिवा दाखवला. "तो आता उघडाच राहणार. लागला की समजायचं."

ते जरा पुढे वाकले. "आमच्याकडे स्टुडिओत असा लाल दिवा असायचा. लागला की समोरच्याने बोलायला लागायचं. तो काचेच्या पलीकडे लागायचा. मी अलीकडे. माझ्यासमोर कधी लागला नाही."

पुढे महिनाभर मी त्या घराकडे फिरकले नाही. बिघाड संपला की माझं नातं संपलं. पण माझ्या डाव्या दाढेने उच्छाद मांडला. तोंड सुजलं, गिऱ्हाइकांवर ओरडतासुद्धा येईना; धंदा बसायची वेळ आली. शेवटी गेले मुकाट्याने समोरच्या दवाखान्यात.

"आलात एकदाच्या," डॉक्टरीण म्हणाली आणि मला खुर्चीत आडवं केलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. सुया मला कॉम्प्युटरला टोचायला आवडतात, स्वतःला नाही. तिने इंजेक्शन दिलं, म्हणाली, "आता बधिर होईपर्यंत थांबायचं." आणि बाजूच्या स्टुलावर बसून खिशातून फोन काढला. मला दिसेल असा धरला.

खुर्चीत काका. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. त्यांच्या तोंडावर अगदी पुसट लाल उजेड पडला. त्यांनी लगेच गाण्याचा आवाज कमी केला, मान सरळ केली, घसा खाकरला. डॉक्टरणीने फोनचा आवाज वाढवला. आता ती बंद ठेवत नव्हती.

"नमस्कार," काका म्हणाले. काचेमागे उभा जन्म काढलेल्या माणसाचा तो आवाज, जाडसर, जपून पाऊल टाकणारा. "मी बरा आहे. जेवलो. आता आपण तुझ्या आईच्या आवडीचं गाणं ऐकू या. आणि तुझ्या खुर्चीत या वेळी जे कोणी बसलं असेल, त्यांना माझा निरोप सांग. म्हणावं, घाबरू नका. माझ्या मुलीचा हात हलका आहे, आणि तो आता थरथरत नाही."

गाणं सुरू झालं. मला काहीतरी खणखणीत बोलायचं होतं, पण अर्धा जबडा जागेवर नव्हता.

"पहिल्यांदाच गप्प बसलेल्या दिसताय," डॉक्टरीण म्हणाली. उजव्या गालावरून पाणी ओघळलेलं मला कळलं होतं. डाव्या गालावरचं, तिने कापसाने टिपलं तेव्हा कळलं.